अंतराळात स्वस्तात आणि धडपणे कसं जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाजगी रॉकेटचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात आणि दर वेळी पहिल्यापासून टाइप करायचा आता जाम कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. क्रमाला काही अर्थ नाही, जसं आठवलं तसं.

रॉकेट एवढं महाग असतं ते इंधनामुळे ना?

नाही हो. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटमध्ये केरोसिनसारखं इंधन आणि थंड करून द्रव केलेला ऑक्सिजन असतो, दोन्ही मिळून खर्च काही लाख डॉलरचा. आणि अख्ख्या लाँचचा छापील भाव ७ कोटी डॉलरच्या आसपास. बाकीचा पैसा जातो इंजिनं, टाक्या, व्हॉल्व्ह, वायरिंग यांच्यात, प्रत्येक पार्ट तपासण्यात, लाँचपॅड सांभाळण्यात आणि सगळ्यात जास्त म्हणजे पगारात. हजारो माणसं पगारावर असतात, रॉकेट उडो न उडो. वर्षात दोन लाँच केले तर तो सगळा खर्च दोघांच्या डोक्यावर बसतो, शंभर केले तर शंभरात वाटला जातो. माझ्या मते अर्धं गणित इथेच आहे, बाकी सगळे याचेच फाटे.

१०० किलोमीटर वर तर जायचंय, एवढं अवघड काय त्यात?

१०० किलोमीटर वर जाणं खरंच तेवढं अवघड नाही. तिथे टिकून राहणं अवघड आहे. नुसतं वर जाऊन परत खाली पडायचं असेल तर सेकंदाला साधारण एक किलोमीटरचा वेग पुरतो, पण पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर सेकंदाला ७.८ किलोमीटर लागतो, म्हणजे ताशी २८ हजार. ऊर्जेच्या हिशोबात हा फरक तीसेक पट पडतो. म्हणून पर्यटकांना दहा मिनिटांची चक्कर मारून आणलेलं ब्लू ओरिजिन कंपनीचं न्यू शेपर्ड आणि कक्षेत उपग्रह सोडणारं रॉकेट यांची एकाच वाक्यात तुलना करणाऱ्या बातम्या वाचल्या की डोकं फिरतं.

आता एवढा वेग गाठायला जे इंधन लागतं तेही आधी उचलावं लागतं, आणि ते उचलायला अजून इंधन. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीनी हे समीकरण १९०३ मध्ये छापलं आणि ते आजही कोणाचीच गय करत नाही. फाल्कन ९ उडताना वजन भरतं साधारण ५४९ टन आणि कक्षेत पोचतात जास्तीत जास्त २२.८ टन, तेही रॉकेट परत आणायचं नाही असं ठरवलं तर. परत आणायचं असेल तर १७-१८ टन. मधला फरक म्हणजे परतीच्या प्रवासाचं भाडं समजा.

परत वापरायचं रॉकेट नासाच्या स्पेस शटलनी आधीच केलं होतं की! मग ते का नाही स्वस्त झालं?

चांगला प्रश्न. शटल १९८१ ते २०११ मध्ये १३५ वेळा उडालं, आणि कागदावरचा प्लॅन होता वर्षाला पन्नासेक उड्डाणांचा. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त झाली ती १९८५ मध्ये, फक्त ९. कारण परत येणं आणि परत *उडायला तयार असणं* या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शटलच्या अंगावर २० हजारांच्या वर उष्णतारोधक फरशा होत्या, जवळपास प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येक फेरीनंतर एकेक तपासायची, खराब झालेली काढून नवीन हातानी चिकटवायची. मुख्य इंजिनं काढून बाहेर आणायची, तपासायची, परत बसवायची. दोन उड्डाणांच्या मध्ये महिनोन्महिने जायचे आणि तेवढा काळ ती सगळी फौज पगारावर. म्हणजे यान परत वापरलं पण मेहनत दर वेळी नवीनच. शिवाय माणसं आणि अवजड सामान एकाच गाडीत, त्यामुळे साधा उपग्रह सोडायचा तरी माणसांचा जीव टांगणीला. चॅलेंजर आणि कोलंबिया मिळून १४ जण गेले.

बूस्टर परत उतरतो तेव्हा नक्की काय होतं?

हे मी कितीही वेळा सांगू शकतो. उड्डाणानंतर साधारण अडीच मिनिटांनी खालचा टप्पा, म्हणजेच बूस्टर, सुटतो, तेव्हा तो ६५-७० किलोमीटर उंचीवर असतो आणि ताशी आठेक हजारांच्या वेगात. वरचा टप्पा पुढे निघून जातो. खालचा स्वतःला वळवतो, शेपूट पुढे करतो. दाट हवेत शिरायच्या आधी तीन इंजिनं पेटवून वेग कमी करतो, नाहीतर हवेच्या दाबानी आणि उष्णतेनीच चिंध्या होतील. मग जाळीसारखे चार टायटॅनियमचे पंख हवेत तिरके करत करत नेम धरायचा. शेवटी एक इंजिन.

आणि गंमत शेवटीच आहे. टाक्या जवळपास रिकाम्या झालेल्या असतात आणि रॉकेट इतकं हलकं झालेलं असतं की ते एकच इंजिन अगदी कमीत कमी जोरात चालवलं तरी वजनापेक्षा जास्त रेटा देतं. म्हणजे हवेत थांबून, जरा अंदाज घेऊन, मग टेकवू असं चालतच नाही. वेग शून्य होण्याचा क्षण आणि समुद्रातल्या जहाजाच्या डेकला पाय लागण्याचा क्षण एकच यायला हवा. आधी शून्य झाला तर परत वर जायला लागेल, उशिरा झाला तर मग डेकवर चुराडा. हे सगळं साधारण साडेआठ मिनिटांत संपतं.

इंजिन परत पेटवायला एक हिरवट ज्वाला देणारं रसायन लागतं, ते मोजकंच भरलेलं असतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये तीन बूस्टर शेजारी जोडलेल्या फाल्कन हेवीच्या पहिल्या उड्डाणात मधल्या बूस्टरचं हेच रसायन संपलं, तीनपैकी एकच इंजिन पेटलं आणि तो जहाजापासून शंभरेक मीटरवर ताशी ४८० च्या वेगानी समुद्रात घुसला. बाजूचे दोघं मात्र जमिनीवर जोडीनी उतरले आणि सगळ्यांनी तेच व्हिडिओ शेअर केले.

सेकंडहँड रॉकेटवर आपला उपग्रह ठेवायला लोक घाबरत नाहीत?

घाबरायचे. पहिल्यांदा वापरलेला बूस्टर ३० मार्च २०१७ ला परत उडाला, एसईएस या उपग्रह कंपनीनी हिंमत दाखवली म्हणून. आता उलटं झालंय, आधी उडालेला बूस्टर म्हणजे त्याची टेस्ट झालेली आहे असं लोक धरतात. काही बूस्टर तीसच्या वर वेळा उडालेत, आणि २०२५ मध्ये एक तर नऊ दिवसांत परत उडाला. शिवाय परत आलेलं इंजिन उघडून बघता येतं की कुठे तडा जातोय, कुठे काजळी धरतेय. समुद्राच्या तळाशी गेलेलं इंजिन काय सांगणार? मला विचाराल तर पैशांपेक्षा हा फायदा मोठा आहे, पण यावर कमी बोललं जातं.

एका नटामुळे रॉकेट पडतं हे खरं की अशीच गोष्ट?

खरं आहे, आणि एकदा नाही.

फाल्कन १ घ्या. पॅसिफिकमधल्या क्वाजालीन बेटांवर ओमेलेक नावाचं एक पिटुकलं बेट आहे, तिथून मार्च २००६ मध्ये पहिलं उड्डाण झालं आणि अर्ध्या मिनिटात आग लागून संपलं. कारण इंधनाच्या नळीवरचा एक ॲल्युमिनियमचा नट. समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजून त्याला तडा गेला होता. दुसरं उड्डाण २००७ मध्ये, टाकीत इंधन हिंदकळायला लागलं आणि वरचा टप्पा डोलत डोलत हातचा गेला. तिसरं ऑगस्ट २००८, आणि हे मला सगळ्यात आवडतं. इंजिन बंद केल्यावरही नवीन डिझाइनच्या इंजिनात थोडासा रेटा क्षणभर उरत होता, इतका थोडा की जमिनीवरच्या टेस्टमध्ये बाहेरच्या हवेच्या दाबापुढे तो दिसलाच नाही, पण वर निर्वातात तेवढा पुरला आणि सुटलेला खालचा टप्पा मागून येऊन वरच्याला धडकला. उपाय काय केला, तर इंजिन बंद होणं आणि टप्पे सुटणं यांच्या मधला वेळ थोडा वाढवला. बस. दोन महिन्यांच्या आत, २८ सप्टेंबर २००८ ला, चौथं रॉकेट कक्षेत. तोपर्यंत कंपनीची तिजोरी जवळपास रिकामी झाली होती.

मग २८ जून २०१५, फाल्कन ९ हवेत फुटलं. टाकीत हेलियमची बाटली धरून ठेवणारा एक दांडा तुटला, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे जेवढा भार त्यानी सोसायला हवा होता त्याच्या पाचव्या हिश्श्यातच. जानेवारी २०२३ मध्ये व्हर्जिन ऑर्बिट कंपनीचं ब्रिटनमधल्या कॉर्नवॉलचं उड्डाण फसलं, कारण दुसऱ्या टप्प्याच्या इंधनाच्या वाटेतली एक गाळणी जागची हलली. एप्रिलमध्ये कंपनी दिवाळखोरीत.

आणि रॉकेट लॅब कंपनीचं २०१७ चं पहिलं उड्डाण तर अजूनच भारी. इलेक्ट्रॉन रॉकेट मस्त चाललं होतं, २२४ किलोमीटरपर्यंत गेलं, पण जमिनीवरच्या कंत्राटदाराच्या यंत्रात एक सेटिंग चालू करायचं राहिलं होतं, त्यामुळे सुरक्षा अधिकाऱ्यांच्या स्क्रीनवर डेटा येईना. नियम म्हणजे नियम, त्यांनी उड्डाण थांबवायची कमांड दिली. धडधाकट रॉकेट गेलं! जानेवारी २०१८ मध्ये तसंच दुसरं उडवलं आणि ते कक्षेत गेलं.

मग भरवशाचं कधी म्हणायचं?

दहा वेळा नीट उडालं तर "बरं चाललंय" म्हणा, शंभर वेळा उडालं तर बोला. कागदावर ९९ टक्के लिहिणं सोपं आहे, पण वर्षाला दोन उड्डाणं होत असतील तर तो आकडा सिद्ध व्हायला पिढी जाते. स्वस्त म्हणजे कमअस्सल आणि भरवशाचं म्हणजे महाग, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय ना, रॉकेटच्या बाबतीत ते लागू पडत नाही. सारखं उडवलं की हात बसतो, चुका लवकर सापडतात आणि खर्चही वाटला जातो. २०२४ मध्ये फाल्कन घराण्याची १३० च्या वर उड्डाणं झाली. दोन्ही गोष्टी एकाच विहिरीतून निघतात.

खाजगी खाजगी म्हणता, पण पैसा तर सरकारचाच!

बराचसा, हो. यात लाजण्यासारखं काही नाही आणि लपवण्यासारखंही नाही. डिसेंबर २००८ मध्ये नासानी अंतराळस्थानकावर सामान पोचवायची कंत्राटं दिली, स्पेसएक्सला १२ फेऱ्यांचे १६० कोटी डॉलर आणि ऑर्बिटल सायन्सेसला ८ फेऱ्यांचे १९० कोटी. फाल्कन १ च्या तिसऱ्या अपयशाला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते हे लक्षात घ्या.

फरक पडला तो पैसे द्यायच्या पद्धतीत. जुनी पद्धत म्हणजे जेवढा खर्च होईल तेवढा देऊ आणि वर ठरलेला नफा, मग काटकसर कोण कशाला करेल? नवीन पद्धतीत ठरलेला टप्पा गाठला की ठरलेले पैसे, जास्त झाले तर तुमचे तुम्ही बघा. नासानी नंतर स्वतःच्याच मॉडेलमध्ये फाल्कन ९ चे आकडे घालून बघितले तर जुन्या पद्धतीनी ते बनवायला ४०० कोटी डॉलरच्या जवळ लागले असते असं उत्तर आलं. कंपनीचा आकडा फाल्कन १ धरून ३९ कोटी.

पण ही पद्धत म्हणजे जादूची कांडी नाही. २०१४ मध्ये माणसं नेणारी यानं बनवायला बोइंगला ४२० कोटी आणि स्पेसएक्सला २६० कोटी मिळाले. स्पेसएक्सच्या ड्रॅगननी मे २०२० मध्ये दोघांना स्थानकावर नेलं. बोइंगच्या स्टारलायनरच्या २०१९ च्या रिकाम्या उड्डाणात घड्याळच ११ तास चुकीचं लागलं होतं, आणि जून २०२४ मध्ये बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्सना घेऊन गेलं ते थ्रस्टर आणि हेलियम गळतीच्या भानगडीत सप्टेंबरमध्ये रिकामंच परत आलं. ते दोघं मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून उतरले. एकालाच कंत्राट दिलं असतं आणि तो नेमका चुकीचा निघाला असता तर?

याआधी कोणाला सुचलं नव्हतं का?

खूप जणांना. १९८२ मध्ये कोनेस्टोगा नावाचं खाजगी पैशातलं रॉकेट अंतराळात जाऊन आलं, कक्षेत नाही पण गेलं. १९९० मध्ये विमानाखालून सोडलेलं पेगासस कक्षेत पोचलं. आणि डीसी-एक्स! १९९३ मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ते शंकूसारखं रॉकेट वर जायचं, हवेत बाजूला सरकायचं आणि पायांवर उभं उतरायचं. १९९६ मध्ये एका पायाची नळी जोडायची राहिली, पाय उघडला नाही, उतरल्यावर आडवं झालं, आग लागली आणि पुढे पैसे मिळाले नाहीत. कल्पना तीच होती, गिऱ्हाईक नव्हतं.

किलोला काय भाव पडतो?

तुमचा छोटा उपग्रह असेल आणि इतरांबरोबर शेअरिंगमध्ये जायची तयारी असेल तर किलोला साधारण ६-७ हजार डॉलर. अशा एकाच फेरीत जानेवारी २०२१ मध्ये १४३ उपग्रह गेले, त्याआधीचा विक्रम इस्रोच्या पीएसएलव्हीचा, फेब्रुवारी २०१७ मध्ये १०४. पण एक लक्षात ठेवा, भाव म्हणजे खर्च नाही. बूस्टर परत वापरून कंपनीचा खर्च जेवढा उतरला तेवढा भाव उतरलेला नाही, उलट फाल्कन ९ चा छापील भाव आधी ६.२ कोटी होता तो वाढलाय. स्पर्धा नसेल तर कोण कमी करेल?

मग छोटी रॉकेट घेतं कोण?

शेअरिंगमधली गाडी तिच्या वेळेला, तिच्या वाटेनी जाते. तुम्हाला वेगळी कक्षा हवी असेल किंवा अमुक दिवशीच जायचं असेल तर स्वतंत्र गाडी लागते. इलेक्ट्रॉन ३०० किलोपर्यंत नेतं आणि ७५-८० लाख डॉलर घेतं, म्हणजे किलोला चौपट, तरी लोक रांगेत आहेत. पण अशा पन्नास कंपन्या जगतील असं मला वाटत नाही. खुद्द रॉकेट लॅबच मोठं न्यूट्रॉन बनवायच्या मागे आहे, यातच काय ते आलं.

विमानातून सोडलं तर अर्धं काम झालं ना?

अर्धं? विमान देतं दहा-अकरा किलोमीटर उंची आणि सेकंदाला पाव किलोमीटरपेक्षाही कमी वेग. लागतात ७.८. लाँचपॅड लागत नाही आणि हवामान टाळता येतं, हे फायदे आहेत, पण खर्चात फार फरक नाही.

माणसं न्यायची तर काय वेगळं लागतं?

पळून जायची सोय. रॉकेट बिघडलं तर माणसं बसलेली कुपी त्याच्यापासून खेचून लांब नेणारी इंजिनं. शटलमध्ये पहिल्या चार टेस्ट उड्डाणांतल्या इजेक्शन सीट सोडल्या तर असं काही नव्हतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये रशियाचं सोयूझ बिघडलं तेव्हा आतले दोघं याच सोयीमुळे वाचले. नासानी खाजगी यानांसाठी आकडाच ठरवून दिला होता, जीव जायची शक्यता २७० मध्ये एकापेक्षा जास्त नको. तुम्ही रोज ज्यातून फिरता त्याच्याशी तुलना केली तर हा आकडा भयानक आहे, आणि तरी रॉकेटसाठी तो कडक मानतात.

मी कधी जाईन?

पैसे किती आहेत? नासाच्या ऑडिटमध्ये ड्रॅगनच्या एका सीटचा हिशोब साडेपाच कोटी डॉलर लावला होता. सध्या लाइव्ह बघा.

स्पेसएक्सचं नवीन स्टारशिप रॉकेट आलं की सगळं बदलेल?

बदलू शकतं. वरचा टप्पाही परत वापरायचा हाच मुद्दा आहे, फाल्कनचा वरचा टप्पा दर वेळी जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ३३ इंजिनांचा बूस्टर टॉवरच्या हातांनी झेलला ते मी तीनदा रिवाइंड करून बघितलं. मिथेन घेतलंय कारण ते केरोसिनसारखी काजळी धरत नाही. पण वरचा टप्पा कक्षेच्या वेगानी परत येतो, बूस्टरच्या कितीतरी पट उष्णता, आणि अंगावर परत फरशाच आहेत. शटलची आठवण येते की नाही? त्या फरशा दोन उड्डाणांच्या मध्ये किती बदलाव्या लागतात हे कळेपर्यंत किलोला शंभर डॉलर वगैरे आकड्यांवर मी पैज लावणार नाही. ब्लू ओरिजिनच्या न्यू ग्लेन रॉकेटनीही नोव्हेंबर २०२५ मध्ये दुसऱ्याच उड्डाणात बूस्टर उतरवलाय, मला त्यात जास्त रस आहे, कारण वर लिहिलेला स्पर्धेचा प्रश्न.

कोणाच्या घरावर पडलं तर भरपाई कोण देणार?

१९६७ आणि १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारांप्रमाणे देश जबाबदार, कंपनी खाजगी असली तरी. म्हणून तर सरकारं लायसन्स देताना एवढा वेळ लावतात आणि कंपन्यांना विमा काढायला लावतात.

आणि वरच्या कचऱ्याचं काय?

स्वस्ताईची ही दुसरी बाजू. फेब्रुवारी २००९ मध्ये इरिडियम कंपनीचा चालू उपग्रह आणि बंद पडलेला रशियन उपग्रह धडकले, हजारो तुकडे झाले. अमेरिकेत काम संपलेला उपग्रह खाली आणायची मुदत २५ वर्षांवरून ५ वर्षं केली आहे. सगळीकडे झालं पाहिजे असं माझं मत.

लाइव्ह बघताना नेमकं काय बघायचं?

बूस्टर उतरला की लोक टॅब बंद करतात. करू नका. गिऱ्हाईकाचं सामान अजून पोचलेलं नसतं, वरच्या टप्प्याचं एकच इंजिन जळत असतं आणि ते नीट बंद होऊन वेगाचा आकडा २७ हजारांच्या आसपास स्थिरावला की मगच हुश्श करायचं. जुलै २०२४ मध्ये स्टारलिंकच्या एका उड्डाणात इंजिनाभोवती नेहमीपेक्षा जास्त बर्फ साचताना बघणाऱ्यांना कॅमेऱ्यात दिसत होता, आणि थोड्या वेळानी ते इंजिन दुसऱ्यांदा पेटताना बिघडलं, २० उपग्रह गेले. एका सेन्सरच्या नळीला कंपनांमुळे तडा जाऊन ऑक्सिजन गळत होता. नंतर लक्षात आलं की त्या सेन्सरची तशी गरजच नव्हती, पुढच्या उड्डाणांसाठी नळीच काढून टाकली आणि पंधरा दिवसांत पुढचं रॉकेट उडालं.